जिवल्याची निब

‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. फुकट आलेल्या वस्तूत काहीतरी खोट असते, नाहीतर देणाऱ्याच्या मनात तरी असते, असा माझा पक्का समज होता. म्हणून १९९० साली माझा मामेभाऊ रामनाथ सुट्टीवर आला आणि त्याने एक फ्लॉपी माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी ती आठवडाभर फळीवर तशीच पडू दिली. रामनाथ मालवाहू बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. कुठल्यातरी बंदरात त्याला ती कोणीतरी दिली होती, आणि त्या कोणीतरीला आणखी कोणीतरी. फ्लॉपीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी केलेला एक एडिटर होता. एडिटर म्हणजे ज्यात प्रोग्रॅमच्या ओळी लिहायच्या, खोडायच्या, हलवायच्या, ती पाटी. त्याचं नाव ‘निब’.

मी तेव्हा बोईसरच्या एमआयडीसीत, पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी, दोन कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि एक एसी. एसी कॉम्प्युटरांसाठी होता, हे मला कामावर घेतानाच बजावून सांगितलं होतं. शिरगावहून एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर, असा माझा रोजचा प्रवास. डोकं गरम असायला एवढं पुरेसं आहे. शिवाय आमच्या घरात ते परंपरेनेच गरम आहे.

आठवड्याने मी फ्लॉपी पिशवीत टाकली आणि कारखान्याच्या गेटवर अडले. गेटवर नोंदवही घेऊन जिवल्या बसायचा. आत जाणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायची, असा नियम होता. आधीचे लोक तो पाळल्यासारखं करायचे, जिवल्या खरोखर पाळायचा. वस्तू, नग, कोणी आणली, हे लिहून झालं आणि तो ‘मालक’ या रकान्यावर थांबला. मी म्हटलं, मालक नाही. त्याने पेन वर धरला आणि वाट बघत बसला. मागे दोन टेम्पो हॉर्न वाजवत होते. मी चिडून सांगितलं की हे ज्याने लिहिलं त्या कॅनडातल्या गृहस्थानेच तसं लिहून ठेवलंय: हा प्रोग्रॅम मी माझ्यासाठी केला, आता तो सगळ्यांचा आहे, वापरा, बदला, वाटा, बिघडला तर तुम्हीच नीट करा, मला विचारायला येऊ नका.

जिवल्याने ते नीट ऐकून घेतलं. मग त्याने मालकाच्या रकान्यात सुबक अक्षरात ‘सर्व’ असं लिहिलं आणि माझी सही घेतली. चार दिवसांनी आमचे पर्सोनेल ऑफिसर कमलाकांत सावे वही तपासताना मला विचारायला आले की हे सर्व कोण, नवीन सप्लायर आहेत का.

ते सुबक अक्षर डाव्या हाताचं होतं. जिवल्या वाणगावच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत दहावी झाला, मग आमच्याकडे प्रेसवर लागला. प्रेसला दोन बटनं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर आहेत याची खात्री. पण दोन बटनं दाबण्यात वेळ जातो. आकडा वाढावा म्हणून शिफ्टच्या सुपरवायझरने एका बटनात लाकडाची पाचर मारून ठेवली होती, कामगारांना सोपं पडावं म्हणून. एका दुपारी जिवल्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली, पण त्यांत जोर उरला नाही. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. कंपनीने त्याला ‘हलकं काम’ म्हणून गेटवर बसवलं. सहा महिन्यांत तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि कारखान्यात त्याच्याइतकं चांगलं अक्षर कोणाचंच नव्हतं.

निब मी मशीनवर चढवली आणि माझा समज पहिल्यांदा हलला. बेचाळीस केबी. आमच्याकडचा नेहमीचा वर्डप्रोसेसर दोन फ्लॉप्या खायचा आणि तरी दमल्यासारखा चालायचा. ही डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायची. शिवाय तिच्याबरोबर तिचा स्वतःचा सगळा मूळ प्रोग्रॅम होता, बारा फायली, उघड्या. ज्याला जे पटत नसेल ते त्याने बदलावं. मी इतक्या वर्षांत असा उदार माणूस पाहिला नव्हता, आणि जो पाहिला तो कॅनडात.

जिवल्या आत आला तो एका चुकीमुळे, आणि चूक माझी होती. तो गेटच्या पावत्या द्यायला यायचा. एकदा त्याने टेबलावरचा उत्पादनाचा रिपोर्ट उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाला की सहा नंबरच्या प्रेसवर मंगळवारी चार हजार झाकणं निघणं शक्य नाही, त्या दिवशी तिचा साचा काढून ठेवला होता, साच्याची गेट एंट्री त्याच्याकडेच आहे. मी त्याला सांगितलं की कॉम्प्युटर चुकत नाही. मग तो गेल्यावर दार लावून बघितलं, तर माझ्या प्रोग्रॅममध्ये पाच आणि सहा नंबरची अदलाबदल झाली होती. गेले पाच महिने. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून ते दाखवलं. त्याने स्क्रीनवरच्या ओळी बोटाने एकेक करून खाली वाचल्या आणि विचारलं, ही ओळ वरच्या ओळीच्या आधी गेली तर काय होईल. हा प्रश्न मला इंटरव्ह्यूला आलेल्या एकाही पदवीधराने विचारला नव्हता.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खोलीत यायला लागला. डबा खाऊन उरलेल्या अर्ध्या तासात मी त्याला शिकवायची. शिकवताना मी ओरडते. त्याला त्याचं काही वाटायचं नाही, तो म्हणायचा प्रेस याहून जास्त आवाज करते.

डोक्याने तो भराभर पुढे गेला, अडला हाताने. त्या जुन्या कीबोर्डवर कंट्रोलचं बटन एकच, तेही डावीकडे. एडिटरमध्ये ओळ खोडायची, हलवायची, फाईल जपायची, तर कंट्रोल दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसरं अक्षर दाबायचं. दोन हात असतील तर यात काहीच नाही. डाव्या एका हाताने कंट्रोल धरून उजवीकडचं अक्षर गाठताना त्याचा पंजा ताणून पांढरा पडायचा. एकदा तो हसून म्हणाला, दोन बटनं एकदम दाबायची म्हंजे प्रेसच की.

मी रात्री घरी विचार करत बसणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी निबच्या बाराही फायली छापून काढल्या आणि प्रिंटरच्या जोडकागदाचा तो गठ्ठा त्याच्या हातात दिला. म्हटलं, तुझ्या त्या ‘सर्व’ साहेबाने बदलायची परवानगी दिलीय, बटनांचं काम कुठे होतं ते शोध. तो उमरोळीला खोली घेऊन राहत होता, बायको पारू आणि एक मुलगी. गठ्ठा घरी नेऊन त्याने तीन आठवडे वाचला. मग एका दुपारी त्याने सातव्या फाईलमधल्या नऊ ओळी दाखवल्या. त्या बदलल्यावर कंट्रोल धरून ठेवावं लागेना. ते एकदा टिचकी मारल्यासारखं दाबायचं, सोडायचं, मग सवडीने अक्षर दाबायचं. एकानंतर एक. जिवल्याने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम हा असा, ज्यात लिहायचं तीच पाटी त्याने आधी आपल्या हाताजोगी केली. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याला ओळींच्या मांडणीवरून झापलं.

तो बदल कॅनडाला पाठवायचा, हे त्याचंच म्हणणं. त्यांच्या पाड्यावर कोणाचा कोयता मागून नेला तर धार काढून परत देतात. तसाच परत देणं त्याला बरं दिसेना. आम्ही फ्लॉपी पोस्टाने पाठवली. उत्तर कधी आलं नाही. पत्ता बदलला असेल, किंवा त्या माणसाने खरंच लिहिलं होतं तसं, त्याला कोणी विचारायला यायला नको असेल.

एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात नोटीस लागली. हलक्या कामाच्या जागा एकतीस मार्चला बंद. त्यावर असलेल्यांनी कारखान्यातल्या एखाद्या रिकाम्या जागेसाठी पात्र ठरावं, नाहीतर हिशोब घेऊन मोकळं व्हावं. मोकळं व्हायचं म्हणजे काय ते जिवल्याने मला साध्या शब्दांत सांगितलं. पाड्यावर पावसावरचं दोन महिन्यांचं भात, बाकीचं वर्ष वीटभट्टी. पारू लहानपणी आईबापांबरोबर भट्टीवरच वाढली होती, आणि लग्नात त्याने तिला एवढा एकच शब्द दिला होता की तिथे परत न्यायचं नाही. शिवाय तसल्या हाताला भट्टीवरसुद्धा कोणी उभं केलं नसतं.

रिकामी जागा एक होती, माझ्या हाताखाली, कॉम्प्युटर ऑपरेटरची. मी नाचतच सावेसाहेबांकडे गेले. साव्यांनी फाईल उघडून अट वाचली: इंग्रजी टायपिंग, मिनिटाला तीस शब्द, मान्यताप्राप्त परीक्षकासमोर. मी म्हटलं, ऑपरेटरला डोकं लागतं, टायपिस्टाची बोटं नाहीत. ते म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण अट तीसची आहे. सावे वाईट माणूस नव्हता. देवाला एक वेळ विसरेल, पण नियमाला नाही, एवढंच. तासभर डोकं खाल्ल्यावर त्यांनी एक सवलत लिहून दिली: परीक्षा टाइपरायटरऐवजी कॉम्प्युटरवर, आणि उमेदवार कामात वापरतो त्याच एडिटरमध्ये.

जिवल्याचा वेग बाराचा होता. नोव्हेंबरात घासून घासून सतराला गेला आणि तिथे ठाण मांडून बसला. एका हाताने त्याहून जास्त होत नव्हतं. मग त्याने परत तो गठ्ठा काढला. त्याने निबमध्ये अशी सोय केली की एका छोट्या यादीत दोन-दोन अक्षरांपुढे आख्खे शब्द लिहून ठेवायचे. टाइप करताना ती दोन अक्षरं मारून मोकळी जागा सोडली की निब त्यांच्या जागी आख्खा शब्द उमटवते. यादीत त्याने इंग्रजीत सारखे लागणारे तीनशे शब्द भरले. कुठलाही मजकूर येवो, निम्मे शब्द त्यातलेच निघायचे. मी सावेसाहेबांना ते दाखवून विचारलं, हे चालेल का. त्यांनी सवलतीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, सगळ्यांना लागणारे शब्द आहेत, एडिटरचाच भाग आहे, चालेल.

जानेवारीत नवीन मशीन आलं, ते वेगळ्याच जातीचं. जुना एकही प्रोग्रॅम त्यावर चालेना. परीक्षा त्याच मशीनवर व्हायची होती, माझं धाबं दणाणलं. पण निब लिहिणाऱ्याने हे दिवस आधीच धरले असावेत. मशीनशी थेट बोलणाऱ्या ओळी त्याने एका फायलीत वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. अकरा ओळी बदलल्या आणि दोन दुपारींत निब नव्या घरी नांदायला लागली.

मी माझं मनगटी घड्याळ काढून त्याच्यासमोर बसायची आणि मोजायची. तेवीस, सव्वीस, अठ्ठावीस. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकतीस. मग एकोणतीस, पुन्हा एकतीस, तीस, एकतीस. त्याची मान ताठ व्हायला लागली होती. माझी मात्र झोप उडाली, कारण एकतीस आणि एकोणतीस यांच्यात किती अंतर असतं ते मला ठाऊक होतं.

परीक्षक म्हणून पालघरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे नरहरी मास्तर यायचे ठरलं. मीही टायपिंग त्यांच्याकडेच शिकले, बोटांवर फुटपट्टी खाऊन. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांना पत्र द्यायला गेले. टेबलावर तेच तपकिरी पुस्तक होतं आणि त्यात खूण घातलेलं तेच पान. मास्तर पंधरा वर्षं परीक्षेला एकच उतारा देत आले होते, उंटाचा. मी त्यात दोनदा नापास झाले होते, त्यामुळे तो मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येतो.

त्या दिवशी दुपारी जिवल्याच्या तीन फेऱ्या झाल्या. तीस, एकोणतीस, एकोणतीस. त्याला सर्दी झाली होती. पाच वाजता पारू मुलीला घेऊन गेटबाहेर उभी दिसली. मला बघून हसली. मला भीती वाटली. आजवर स्वतःच्या कुठल्या परीक्षेची वाटली नाही एवढी वाटली. सगळे गेल्यावर मी परत वर गेले, त्याची यादी उघडली आणि तळाशी चौदा ओळी घातल्या. उंटाच्या उताऱ्यात चौदा वाक्यं होती. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द टाइप केला की पूर्ण वाक्य उमटेल, अशी मी व्यवस्था केली. जिवल्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे मला माहीत होतं. ऐन परीक्षेत, घड्याळ चालू असताना, कोण वाद घालत बसेल, असा माझा हिशोब.

सकाळी अकराला आम्ही चौघं खोलीत होतो. मास्तरांनी खिशातून थांबघड्याळ काढलं, उतारा पालथा ठेवला, दहा मिनिटं म्हणून सांगितलं आणि स्वतः जिवल्याच्या मागे जाऊन उभे राहिले. सावेसाहेब कोपऱ्यात फॉर्म घेऊन बसले. मी खिडकीशी.

जिवल्याने कागद उलटला आणि पहिला शब्द टाइप केला. स्क्रीनवर आख्खं वाक्य उमटलं.

त्याचा हात कीबोर्डवरून वर उचलला गेला आणि तसाच राहिला. मला वाटलं आता तो माझ्याकडे बघेल. त्याने बघितलं नाही. त्याने ते वाक्य खोडलं आणि पुन्हा पहिला शब्द टाइप केला. पुन्हा वाक्य आलं. मग त्याने उतारा बाजूला सारला, यादीची फाईल उघडली, तळाशी गेला आणि माझी पहिली ओळ खोडली. कंट्रोल, मग अक्षर. दुसरी ओळ. कंट्रोल, मग अक्षर. प्रत्येक ओळ तो आधी वाचत होता, आपला शब्द चुकून जाऊ नये म्हणून. चौदा ओळी काढून त्याने यादी जपली, निब बंद करून परत उघडली आणि उताऱ्याचा पहिला शब्द तिसऱ्यांदा टाइप केला. या वेळी शब्दच आला. मग तो थांबला नाही.

दहा मिनिटं झाली. मास्तरांनी छापलेला कागद घेऊन लाल पेन्सिलीने शब्द मोजले. दोनशे पस्तीस, चुका एक. सावेसाहेबांनी भागाकार केला, साडेतेवीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना वाईट वाटत होतं हे मला स्पष्ट दिसलं, आणि ते फॉर्म भरणार हेही.

मास्तर म्हणाले, ‘अडीच मिनिटं याने उतारा टाइपच केला नाही. काय करत होतास रे?’

‘मशीन बिगडला होता,’ जिवल्या म्हणाला. ‘नीट केला.’

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ती वाक्यं स्क्रीनवर बघितली होती. स्वतःचा उतारा ते कसा ओळखणार नाहीत? पण विचारायचं ते त्यांनी विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं.

मी लगेच बोलले असं सांगायला मला आवडलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या डोक्यात माझी नोकरी आली, घरी काय सांगायचं ते आलं, एवढ्या कारखान्यात बाई म्हणून आठ वर्षं राखलेला दबदबा आला. मान वळवली, तर सावेसाहेबांनी ‘अपात्र’ शब्दातला पहिला ‘अ’ लिहिला होता. ज्या माणसाची भाकरी माझ्यामुळे जात होती, तो मलाच पाठीशी घालत होता. मला स्वतःची शिसारी आली.

‘मशीन बिघडलं नव्हतं,’ मी म्हटलं. ‘मी बिघडवलं होतं.’

मग सगळं सांगितलं. मास्तरांचं पुस्तक, उंट, चौदा ओळी. सांगताना माझा आवाज चढला, जणू चूक समोरच्यांचीच आहे. ती माझी खोडच आहे. सावेसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. बराच वेळ ते सवलतीचा कागद पुढेमागे करत राहिले. मग म्हणाले की उमेदवाराचा दोष नसताना परीक्षेत व्यत्यय आला, तर ती पुन्हा घेता येते, असं नियमात आहे. माझ्यासाठी नियमात काय आहे तेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. मला मेमो मिळाला, दोन वर्षं बढती थांबली, आणि फेरपरीक्षेच्या दिवशी त्या मजल्यावर पाऊल ठेवायची बंदी झाली.  जाताना ते तपकिरी पुस्तक मास्तरांनी काखेत घट्ट धरलं होतं.

सत्तावीस तारखेला फेरपरीक्षा झाली. मी खाली स्टोअरमध्ये पत्र्याच्या रिळांवर बसून होते. उतारा नवीन होता, कापसाच्या गिरणीबद्दलचा. साडेअकराला सावेसाहेबांचा शिपाई खाली आला आणि सांगून गेला, बत्तीस. मी तिथेच रडले. रिळाला टेकल्यामुळे पदराला तेलाचा डाग पडला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

एक एप्रिलला जिवल्या नवीन खुर्चीवर बसायला आला. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तो बसायच्या आत म्हटलं, जिवल्या, चुकलं माझं. तुझ्या भल्यासाठी केलं, पण चुकलं.

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

‘मेमोचा मना वाईट वाटला,’ तो म्हणाला. ‘माज्यापायी तुमाला नको होता.’

मी म्हटलं, मेमोचं सोड.

‘सोडला. पन ताय, एक सांगू? गेटवरचे बोलत, हा नाय करनार. सुपरवायझर बोलं. सावेसाहेब तोंडानं नाय बोलले, पन त्यांनापन तसाच वाटं. त्यांचा मना काय नाय. त्यांनी कुटं बगितला व्हता?’ त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, सर्दी अजून होती. ‘तुमी बगितला व्हता.’

मग तो खुर्चीत बसला, मशीन चालू केलं आणि आजचं काम काय म्हणून विचारलं. मी कागद शोधत राहिले. कागद समोरच होते. तो आत्ता बोलला त्यात काहीच खोटं नव्हतं. त्याचे एकतीस शब्द मी तीन वेळा मोजले होते, आणि घड्याळ माझंच होतं.